किल्लीचा किनारा

फोमच्या जाड लादीवर गुडघा रोवून त्याने लांब सुरी एका दमात ओढली. कापलेला तुकडा बाजूला सरकवतो न सरकवतो तोच शिपाई उठला, दोन पावलं पुढे आला आणि त्या तुकड्यावर आडवा झाला.

"ए, उठ. व्हॅनमधली गादी आहे ती."

शिपायाने एक कान हलवला. बाकीचा कुत्रा जागचा हलला नाही.

"झोपू दे हो बाबा. शेवटी तिच्यावरच झोपणार आहे ना तो," माऊ म्हणाली.

कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर ती नकाशा पसरून बसली होती. एका कोपऱ्यावर कात्री, दुसऱ्यावर खडूंचा डबा, तिसऱ्यावर रिळांची टोपली आणि चौथ्यावर तिचा चहाचा कप. फोनमध्ये सगळे रस्ते असतात हे तिला काही नव्याने सांगायला नको होतं. पण सहलीचा बेत कागदावर बोट फिरवूनच करायचा असतो, असं तिचं ठाम मत होतं, आणि हे मत तिच्या डोक्यात लहानपणी कुणी भरवलं ते तिचा बाप चांगलं ओळखून होता.

गल्लीत त्याला सगळे कुशनवाले म्हणत. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकं, गाड्यांच्या सीटा, सगळ्यांवर त्याचा हात फिरलेला. लोकांच्या बसण्याची सोय करता करता आपली सगळी हयात उभ्याने गेली, हा त्याचा ठेवणीतला विनोद. दुकानाच्या दारात सध्या एक जुनी व्हॅन उभी होती. कुठल्याशा लाँड्रीची. तिच्या बाजूवर अजून 'डाग गेले, चिंता गेली' अशी अक्षरं पुसटशी दिसत. मागची फळकुटं काढून त्याने त्या जागी झोपायची फळी बसवली होती, फळीखाली सामानाचा कप्पा, दाराशी पाण्याच्या कॅनची जागा. खिडक्यांना पडदे लावायचे तेवढे राहिले होते.

व्हॅन घेतली माऊच्या हट्टापायी. तिला नोकरी लागली होती, समुद्रापलीकडच्या एका प्रयोगशाळेत. जायचा दिवस जवळ येत होता आणि शिपायाला नेता येणार नव्हतं. त्याचं हृदय मोठं झालंय, विमानाचा प्रवास त्याला झेपणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्या संध्याकाळी तिने फोन केला तेव्हा बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "बाबा, शिपाई तुमच्याकडे राहील?" तो "आण की" म्हणाला आणि फोन ठेवल्यावर उगाचच दुकान झाडायला लागला.

"तुमची दोघांची गट्टी जमायला हवी," ती नंतर म्हणाली होती. "चार दिवस गाडीतून हिंडू. मी गेल्यावर त्याला एकदम परकं वाटायला नको."

त्याला म्हणायचं होतं की तुलाही वाटायला नको. पण त्याने व्हॅन शोधायला सुरुवात केली.

"हे बघा," माऊने नकाशावर बोट टेकवलं. "पहिला मुक्काम दीपगृहाखाली. तिथे झाडं आहेत, त्याला सावली मिळेल. दुपारी वाळू तापते, त्याचे पाय भाजतील, म्हणून किनाऱ्यावर फक्त सकाळ-संध्याकाळ. मग खाडी. फेरीबोटीवर कुत्रा चालतो, पण गाडीतून उतरवायचा नाही, मी विचारून घेतलंय. वळणांवर तो ओकतो, तेव्हा निघायच्या आधी खायला द्यायचं नाही. आणि तिसरा मुक्काम..."

"तिथून परत फिरू," तो म्हणाला.

"परत? बाबा, तिसरा मुक्काम म्हणजे किल्लीचा किनारा!"

"त्या बाजूचा रस्ता वाईट आहे."

"कुणी सांगितलं?"

"लोक सांगतात."

"कुठले लोक? तुमच्या दुकानात येऊन बसणारे? त्यांना सोफ्यावरून उठून दारापर्यंतचा रस्ता वाईट वाटतो."

तो हसला नाही. खाली वाकून त्याने फोमचा चुरा गोळा करायला घेतला.

नकाशावर त्या किनाऱ्याला काही वेगळंच नाव छापलेलं होतं. किल्लीचा किनारा हे नाव त्यांच्या घरातलं. घर एक होतं तेव्हाचं.

माऊ खुर्चीवरून उतरली आणि शिपायाशेजारी जमिनीवर बसली. त्याचं जड डोकं तिने मांडीवर घेतलं.

"ऐक, शिपाई. तुला परत एकदा सांगते." ही गोष्ट ती त्याला पिल्लू असल्यापासून सांगत आली होती. "मी नऊ वर्षांची होते. बाबांनी बेकरीवाल्याची व्हॅन मागून आणली. तिला असा ताज्या पावाचा वास यायचा ना, की आमचा हवालदार चारही दिवस फळ्यांच्या फटी चाटत बसला होता. हवालदार म्हणजे कोण, तुझा साहेब. तर किल्लीच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी आम्ही घरी निघणार, आणि बघतो तर व्हॅनची किल्ली गायब! कुणी हरवली?"

शिपायाने डोळे मिटले.

"बाबांनी! खिशात किल्ली ठेवून हा माणूस पाण्यात गेला. मग काय, दोन दिवस आम्ही तिथेच. बाबा सगळा किनारा उकरत बसले. मधूनच गावात जाऊन बेकरीवाल्याला फोन करायचे, तर तो मेला फोन उचलेना. मासेवाल्या मावशींनी आम्हांला जेवायला घातलं. रात्री आई गाणी म्हणायची. आई! आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आई हवालदाराला घेऊन फिरायला गेली, आणि त्याने काय केलं? पायांनी वाळू अशी भसाभस उपसली आणि किल्ली काढली बाहेर! एवढ्या मोठ्या किनाऱ्यावरून! म्हणून तो हवालदार, आणि तू अजून पराक्रम केलेला नाहीस म्हणून नुसता शिपाई. पण तिथे गेल्यावर तुझीही परीक्षा घेणार आहे. मी किल्ली पुरणार आणि तू शोधायची."

"किल्लीशी खेळ नको," तो एकदम म्हणाला.

आवाज जरा चढलाच. माऊने मान वर करून पाहिलं.

"एवढं काय त्यात, बाबा? दुसरी किल्ली असेल की आपल्याकडे."

तो चुऱ्याची पिशवी घेऊन मागच्या दाराने बाहेर गेला आणि रिकामी करून यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ तिथेच उभा राहिला.

ती गोष्ट लेकीने इतक्यांदा, इतक्या जणांना सांगितली होती की आता तिच्यात कुठे टाका उसवायला जागाच नव्हती. शाळेत तिने त्यावर निबंध लिहिला. सुट्टीत ती बाबांकडे आली की मैत्रिणी आधी हवालदाराला बघायला यायच्या. किल्ली हरवणारा वेंधळा बाप म्हणून त्यांनी त्याच्याकडे बघून तोंडावर हात धरून हसायचं, हेही ठरलेलं. त्याने ते कधी अंगाला लावून घेतलं नाही. उलट कुणी विसरलं तर स्वतःच आठवण करून द्यायचा.

पण त्या सकाळी तो जागा होता. व्हॅनच्या मागच्या काचेतून त्याने पाहिलं होतं. समुद्राला ओहोटी लागलेली, प्रकाश नुकता फुटत होता. माऊची आई गुडघ्यांवर बसून वाळूत हाताने खळगा करत होती. त्यात काहीतरी ठेवून तिने वाळू सारखी केली, वरून हवालदाराचा आवडता टोस्ट कुस्करला आणि त्याला हाक मारली.

सहलीनंतर त्याच महिन्यात ती गेली. सहलीला निघण्याआधीच ते ठरलं होतं. भांडण नव्हतं. भांडायलाही काही बोलावं लागतं, आणि त्या दोघांचं बोलणंच सरलं होतं. तिला दुसऱ्या गावच्या इस्पितळात मोठ्या हुद्द्याची जागा मिळाली होती. सहलीहून आलो की मुलीला सांगू, असं ती म्हणाली होती. त्याने "बरं" म्हटलं होतं. मुलगी तिच्याबरोबर गेली, हवालदार त्याच्याकडे राहिला आणि पुढची कित्येक वर्षं संध्याकाळ झाली की दुकानाच्या उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिला.

तो आत आला तेव्हा दारात सिस्टर उभी होती.

ती परिचारिका, म्हणून लग्न होऊन आली त्या दिवसापासून गल्लीने तिला सिस्टरच म्हटलं, आणि बायकोला सिस्टर म्हणणारा नवरा म्हणून त्याच्या मित्रांनी त्याला जन्मभर पुरेल इतकं पिडलं. आता तिचे केस सगळे पांढरे झाले होते. लेकीला निरोप द्यायला म्हणून ती बहिणीकडे येऊन राहिली होती.

"औषधं आणलीत," ती म्हणाली. "ही कशी द्यायची ते तुम्हांला दाखवून ठेवते. माऊ गेल्यावर घोळ नको."

पूर्वी ती त्याला तू म्हणायची. वेगळी झाल्यावर तुम्ही म्हणायला लागली. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

तिने शिपायाचा जबडा एका हाताने धरला, गोळी जिभेच्या मागे ठेवली, तोंड मिटून गळ्यावरून दोनदा बोट फिरवलं. कुत्र्याने गोळी गिळली आणि फसवल्यासारखं तिच्याकडे पाहिलं.

"आता तुम्ही."

त्याने केलं. गोळी त्याच्या मनगटावर बाहेर आली, लाळेसकट.

"जोरात नाही. सोफा नाही तो."

दुसऱ्यांदा जमलं. मग तिने त्याचा हात धरून कुत्र्याच्या मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला नेला. "इथे नाडी लागते. झोपलेला असताना मोजायची. लागली?"

"लागली."

तिने हात काढून घेतला.

"आई, तूच सांग आता," माऊ म्हणाली. "बाबा किल्लीच्या किनाऱ्यावर यायला तयार नाहीत. मी तिथे शिपायाची परीक्षा घेणार आहे. किल्ली वाळूत पुरायची आणि त्याने हुंगून काढायची. हवालदाराने काढली तशी."

सिस्टरने औषधाची पाकिटं एकावर एक रचली. मग परत वेगळी केली.

"पडद्यांचं कापड आणणार होतीस ना तू?" ती म्हणाली. "दुकान बंद होईल."

माऊने घड्याळ बघितलं, "अगं बाई!" म्हणाली आणि चपला अडकवून पळाली. तिच्यामागे जायला शिपाई उठला, दारापर्यंत गेला, मग विचार बदलून फोमवर परतला.

दुकानात दोघंच उरली. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. त्याने सुई घेतली आणि चष्मा न लावताच तिच्यात दोरा ओवायला लागला.

"द्या इकडे," ती म्हणाली. तिने दोरा ओवून सुई त्याच्यापुढे धरली. "तिला खरं सांगायला हवं का आता?"

"कशाचं?"

"तुम्हांला माहीत नाही ते." ती नकाशासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्याकडे पाठ करून म्हणाली, "ती किल्ली माझ्याकडे होती. तुम्ही पाण्यात गेलात तेव्हा पँट वाळूवर होती तुमची. मी काढून घेतली. हवालदाराने काही शोधलं नाही. मीच पुरली होती. टोस्ट ठेवून."

"हं."

"हं काय? तुम्ही दोन दिवस उन्हात गुडघ्यांवर वाळू उकरत होता. पाठ सोलून निघाली होती. मी तेल लावत होते आणि किल्ली माझ्या पिशवीत होती. मला अजून ती पाठ दिसते."

त्याने सुई फोममध्ये टोचून ठेवली.

"चष्म्याच्या घरात होती," तो म्हणाला. "पिशवीत नाही. पिशवीतल्या चष्म्याच्या घरात."

ती वळली.

"पहिल्याच संध्याकाळी तू मला टॉवेल आणायला पाठवलंस. टॉवेल काढताना ते घर खाली पडलं. चष्मा तर तुझ्या डोळ्यांवर होता, मग आत काय खुळखुळतंय म्हणून बघितलं."

"म्हणजे तुला..." ती थांबली. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग दोन दिवस काय उकरत होतास?"

"वाळू."

"चेष्टा करू नकोस. मी काढून देईन म्हणून वाट बघत होतास? माझी परीक्षा बघत होतास?"

"नाही." त्याने शिपायाकडे पाहिलं. कुत्र्याचं पोट सावकाश वरखाली होत होतं. "मी शोधायचं थांबलो असतो, तर तुला ती काढावी लागली असती. तू काढू नयेस म्हणून शोधत होतो."

ती बाकावर बसली. ते बाक त्याने कुठल्याशा दवाखान्यासाठी भरायला आणलेलं, अर्धं उसवलेलं. तिला त्याचं भान नव्हतं.

"आणि बेकरीवाला?" तिने विचारलं. "त्याच्याकडे दुसरी किल्ली नव्हती?"

"होती."

"तू फोन करायला जायचास."

"गावात जायचो. माऊला बिस्किटं घ्यायचो आणि परत यायचो."

तिच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्याचा होता की कशाचा, ते त्याला नक्की समजलं नाही. तिने पदर नसल्याने बाहीनेच डोळे पुसले.

"अरे, मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू?"

तिने बाकातून बाहेर आलेला काथ्याचा एक धागा ओढला, बोटाला गुंडाळला, सोडला. दोन दिवसांत सारं काही बदललं असतं, असं त्या वयात वाटायला हरकत नव्हती. आता दोघांनाही तसं वाटत नव्हतं. ती गेली ते चुकलं असंही तो म्हणाला नसता. तिथे तिने एक पूर्ण विभाग उभा केला होता, माऊने त्याचा फोटो दाखवला होता. पण त्या दोन दिवसांत रात्री ती गाणी म्हणायची, आणि तो उताणा पडून ऐकत असे, आणि मध्ये झोपलेल्या मुलीच्या अंगाला पावाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास यायचा. ते दिवस आपण एकट्याने चोरले असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तिलाही तेच वाटत असणार, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

माऊ परत आली ती दोन रंगांची कापडं घेऊन. दारातच थबकली.

"काय झालं? तुम्ही दोघं असे का बसलात?"

"काही नाही," तो म्हणाला. "त्या किनाऱ्याचा रस्ता चांगला आहे. जाऊ आपण."

"लोक वाईट म्हणत होते ना?"

"लोकांना काय कळतंय."

माऊने आईकडे बघितलं. सिस्टर उठून कापड उजेडात धरून बघत होती.

"निळं घे," ती म्हणाली. "आणि हे बघ, किल्ली पुरायची तर खोल पुरू नकोस. चार बोटं पुरे. त्याच्या पायांत आता जोर नाही. आणि वर थोडं खायला ठेव, नाहीतर कुत्रा कशाला उकरेल?"

"म्हणजे फसवायचं त्याला?"

"फसवायचं कसलं? त्याला खाऊ मिळतो, तुला किल्ली मिळते."

माऊ तिच्याकडे बघत राहिली. तिने काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मग वडिलांकडे पाहिलं, ते शिवणयंत्राच्या चाकात अगदी मन घालून तेल सोडत होते. तिने तोंड मिटलं आणि कापडाची घडी उलगडायला लागली. थोड्या वेळाने, कापडावरून नजर न उचलता, ती हळूच म्हणाली, "टोस्ट चालेल?"

"टोस्ट उत्तम," सिस्टर म्हणाली.

संध्याकाळी सिस्टर निघाली तेव्हा तोही चपला घालून बाहेर आला. "थांब्यापर्यंत येतो. याचे पायही मोकळे होतील." शिपाई पट्टा न ओढता दोघांच्या मधून चालत होता. माऊ दुकानात पडदे कापत बसली होती, कात्रीचा आवाज बराच दूरवर येत राहिला.

कुलूप लावलेली दुकानं, फुलवालीचं रिकामं टेबल, कोपऱ्यावरची न्हाव्याची खुर्ची, जी त्यानेच दोनदा भरून दिली होती. ती खुर्ची त्याने दाखवली. तिने वाकून शिवण बघितली आणि "सरळ आहे" म्हणाली.

थांबा समोर दिसायला लागला आणि शिपाई बसला. रस्त्याच्या कडेला, अगदी ठरवून. जीभ बाहेर, धाप लागलेली.

"दमला," ती म्हणाली. तिने खाली बसून त्याच्या मांडीला बोटं लावली. ओठ हलत होते, ती मोजत होती. तोही शेजारी उकिडवा बसला.

वळणावरून बस आली. थांब्यावरची दोन माणसं तिच्यात चढली. ड्रायव्हरने या दोघांकडे बघत क्षणभर गाडी रोखून धरली. तिने बोटं कुत्र्याच्या मांडीवरच ठेवली. बस धूर सोडून निघून गेली.

"पुढची कधी आहे?" तिने मोजणं संपल्यावर विचारलं.

ती बस रोज त्याच्या दुकानाच्या दारावरून जायची. तिच्या वेळांवर तो चहा प्यायचा, जेवायचा, दुकान बंद करायचा.

"काय की," तो म्हणाला. "बघू."

शिपाई आणखी जरा पसरला आणि त्याने हनुवटी तिच्या पायावर टेकवली.